कीबोर्ड ठीक आहे, कोड अपुरा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शेतकऱ्यांसाठी पायथनचं जे सदर येतं, त्याच्या ताज्या भागात हवामान यंत्राच्या नोंदींचे तीन ग्राफ तीन वेगळ्या विंडोत काढायचा प्रोग्रॅम छापला होता. एकात तापमान, दुसऱ्यात आर्द्रता, तिसऱ्यात पानांवरचा ओलावा. ‘एन’ दाबलं की तिन्ही ग्राफ पुढच्या दिवसावर जातील आणि ‘पी’ दाबलं की मागच्या दिवसावर येतील, असं खाली लिहिलं होतं. तसं होत नाही. छापताना गेलेल्या मोकळ्या जागा आणि बदललेली अवतरणचिन्हं नीट करून कोड चालवला, तर ‘एन’ला फक्त तिसरी विंडो दाद देते. पहिल्या दोन विंडोंत जाऊन कितीही बडवा, त्या ढिम्म. आणि ‘पी’ने जे होतं ते तर भलतंच. त्याकडे नंतर येते.

सदर मला आवडतं, हे आधी सांगते. मराठी पेपरात द्राक्षबागेचे आकडे घेऊन कोणी मॅटप्लॉटलिब (पायथनमध्ये ग्राफ काढायचं साधन) शिकवत असेल, तर त्याच्या चार चुका पोटात घालायला माझी तयारी आहे. पण ही चूक लोकांना खर्चात पाडते आहे, म्हणून लिहिते.

मी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. राहते इंदिरानगरात, बाग निफाड तालुक्यात, ती दीर बघतात. बागेत यंत्र बसलं तेव्हापासून त्याचे आकडे बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण ‘कॉम्प्युटर वहिनींना येतो’ असं घरात ठरलेलं आहे. यंत्र दर दहा मिनिटांनी नोंद करतं, म्हणजे दिवसाच्या १४४ ओळी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस येऊन गेला की पान किती वेळ ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान काय होतं, हे दोन्ही एकदमच बघावं लागतं. डावणी हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग ह्या दोघांच्या संगनमताने येतो. थंडीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा आपल्याच पेपरात वाचून धडकी भरली, की आपल्या बागेत पहाटे काय झालं ते काढून बघायचं. कालची रात्र, परवाची रात्र, त्याच्या आधीची. शेकोट्या पेटवायच्या की नाही हे त्यावर ठरतं. तेव्हा एक बटण दाबून तिन्ही ग्राफ एका दिवसाने मागे-पुढे नेता येणं ही आमची रोजची गरज आहे.

सदर छापून आलं त्या दुपारपासून आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. ‘मॅडम, माझा एन गेला वाटतं. वर्डमध्ये उठतो, ग्राफात उठत नाही.’ दुसऱ्याने विंडोज नव्याने टाकून घेतलं. पिंपळगावचे एक गृहस्थ तर खास नाशिकला येऊन एम. जी. रोडवरून नवा कीबोर्ड घेऊन गेले. दुकानदाराने जुना तपासून ‘ह्याला काही झालेलं नाही’ असं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, तरीही. नव्या कीबोर्डवरही पहिल्या दोन विंडो गप्पच राहिल्या, हे सांगायला नको.

होतं काय, ते सांगते. कोडमधली नावं मी देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये घालायची.

आपण बटण दाबतो तेव्हा ते कुठल्या प्रोग्रॅमसाठी आहे, हे कीबोर्डला कळत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ते त्या क्षणी ज्या विंडोकडे फोकस असेल तिला नेऊन देते आणि तिथे तिचं काम संपतं. शेजारी त्याच प्रोग्रॅमच्या आणखी दोन विंडो उघड्या असल्या तरी त्यांना पत्ता लागत नाही. मॅटप्लॉटलिबमध्ये प्रत्येक फिगरला, म्हणजे एका विंडोतल्या चित्राला, स्वतःचा कॅनव्हास (ते चित्र उमटतं तो फलक) असतो आणि बटण दाबलं गेलं तर कोणाला कळवायचं, ह्याची यादी प्रत्येक कॅनव्हास आपली आपण ठेवतो. त्या यादीत नाव घालायचं काम ‘एमपीएल_कनेक्ट’ करतं. सदरातल्या कोडमध्ये लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवायची सोय) फिरवून तीन फिगर केल्या आहेत आणि लूप संपल्यावर, बाहेर, एकदाच ‘फिग.कॅनव्हास.एमपीएल_कनेक्ट’ लिहून ‘की_प्रेस_इव्हेंट’ला आपलं फंक्शन, म्हणजे बटण दाबल्यावर चालायचा कोडचा तुकडा, जोडलं आहे. लूप संपतो तेव्हा ‘फिग’ ह्या नावात उरलेली असते ती शेवटची फिगर. म्हणजे तीन बिऱ्हाडांच्या वाड्यात बेल फक्त शेवटच्या दाराला बसवली आणि बाकीचे दार का उघडत नाहीत म्हणून रागावलो, अशातला प्रकार.

दुरुस्ती एवढीच, की ती ओळ चार स्पेस आत सरकवून लूपमध्ये घ्यायची. मग तिन्ही कॅनव्हासच्या यादीत आपलं फंक्शन जातं आणि कुठल्याही विंडोत ‘एन’ दाबलं तरी ते चालतं. ग्रुपवरच्या दोघा-तिघा हुशार मुलांनी एवढं आपणहून केलंही. त्यानंतर त्यांना जे दिसलं त्याने ती आणखी चक्रावली, कारण खरी मेख पुढे आहे.

सदरातलं फंक्शन दिवसाचा आकडा एकाने वाढवतं आणि मग ‘पीएलटी.जीसीएफ’ला विचारतं की चालू फिगर कोणती. जी मिळेल तेवढीच नव्याने काढतं. आता ही ‘चालू फिगर’ म्हणजे तुम्ही जिच्यात बटण दाबलं ती, असं कोणालाही वाटेल. तशी ती नसते. मॅटप्लॉटलिबच्या लेखी चालू फिगर म्हणजे जी शेवटी तयार झाली किंवा जिच्या ग्राफवर माउसने शेवटचं क्लिक झालं ती. ऑल्ट-टॅब करून विंडो बदलली, किंवा वरच्या पट्टीला धरून विंडो पुढे आणली, तर फोकस बदलतो, पण चालू फिगर जुनीच राहते. हे बघायचं असेल तर करून बघा: तापमानाच्या ग्राफवर मधोमध क्लिक करा, ऑल्ट-टॅबने ओलाव्याच्या विंडोत जा आणि तिथे ‘एन’ दाबा. समोरचा ओलावा जागचा हलत नाही आणि मागे दडलेला तापमानाचा ग्राफ गुपचूप एक दिवस पुढे जातो. माणसाला वाटतं, बटण लागलंच नाही. तो पुन्हा दाबतो. तापमान आणखी एक दिवस पुढे. थोड्या वेळाने तीन विंडोंत तीन वेगळ्या तारखा असतात आणि आपण सोमवारचा ओलावा बुधवारच्या तापमानाशी ताडून फवारणी ठरवत असतो. ग्राफवर तारीख ठळक लिहिलेली नसेल तर हे लक्षातही येत नाही. सदरातल्या ग्राफवर ती नाही. ती आधी घाला. कोडच्या सगळ्या दुरुस्त्या बाजूला ठेवल्या तरी ही एक ओळ तेवढी कराच.

चालू फिगर हा प्रकार आला कुठून, तर मॅटलॅब ह्या गणिती कामाच्या सॉफ्टवेअरमधून. मॅटप्लॉटलिब लिहिलं जॉन हंटर ह्यांनी. ते मेंदूविज्ञानातले, मेंदूचे विद्युत संकेत बघायला त्यांना साधन हवं होतं. २००३ मध्ये त्यांनी ते बाहेर काढलं तेव्हा मॅटलॅबची सवय असलेल्यांना परकं वाटू नये, अशीच त्याची घडण ठेवली होती. ‘जीसीएफ’ हे नावसुद्धा तिथलंच. एकेक आज्ञा टाइप करत एकच ग्राफ काढत बसलेल्या माणसाला ही सोय छान आहे. तीन विंडो उघड्या टाकून बटणं दाबणाऱ्याला ती गोत्यात आणते.

बटण कुठे दाबलं गेलं, हे ज्याचं त्याला विचारायचं असेल तर फंक्शनला जो ‘इव्हेंट’ (बटण दाबल्याची नोंद) मिळतो त्याला विचारावं. ‘इव्हेंट.की’मध्ये बटणाचं नाव असतं आणि ‘इव्हेंट.कॅनव्हास.फिगर’मध्ये ती विंडो. पण आपल्याला मुळात तेही लागत नाही. आपल्याला तिन्ही ग्राफ एकाच दिवसावर हवेत. म्हणून दिवसाचा आकडा एकच ठेवायचा, सगळ्यांना सामाईक. बटण कुठेही दाबलं तरी तोच बदलायचा आणि मग ‘गेट_फिगनम्स’कडून उघड्या विंडोंचे क्रमांक घेऊन एकेक करत सगळ्या नव्याने काढायच्या. क्रमांक दर वेळी नव्याने घ्यायचे, कारण मधेच कोणी एखादी विंडो बंद केलेली असू शकते आणि बंद विंडोवर काढायला गेलं की गोंधळ होतो.

काढताना ‘ड्रॉ’ऐवजी ‘ड्रॉ_आयडल’ वापरावं. आमचे दीर ‘एन’ दाबून धरतात, सोडत नाहीत. आठवडाभर पुढे जायचं तर तेच सोपं. बटण दाबून धरलं की कीबोर्ड तेच अक्षर भराभर पाठवत राहतो आणि दर अक्षराला तिन्ही ग्राफ लगोलग काढायला लावले तर जुना लॅपटॉप धापा टाकतो. बोट उचलल्यावरही ग्राफ पळतच राहतात. ‘ड्रॉ_आयडल’ फक्त चिठ्ठी टाकून ठेवतं की वेळ मिळाला की काढ. चार चिठ्ठ्या साठल्या तरी काढायचं एकदाच.

आता ‘पी’. मॅटप्लॉटलिबच्या विंडोला जन्मतःच काही बटणं जोडलेली असतात. ‘एस’ने ग्राफ साठवायची चौकट उघडते, ‘जी’ने जाळी येते-जाते, ‘एल’ने उभा अक्ष लॉग मापात जातो, ‘एफ’ने विंडो पडदाभर होते, ‘क्यू’ने ती बंदच होते. आणि ‘पी’ने पॅन चालू होतं, म्हणजे ग्राफ माउसने धरून सरकवायची सोय. सदराप्रमाणे मागच्या दिवसासाठी ‘पी’ ठेवलं तर दोन्ही गोष्टी होतात: दिवस मागे जातो, आणि शिवाय कर्सरचा आकार बदलून पॅन सुरू होतं. पुन्हा ‘पी’ दाबलं की आणखी एक दिवस मागे, पण पॅन बंद. पॅन चालू असताना सहज माउस ओढला की ग्राफ डावीकडे घसरतो आणि पहाटेचे आकडे चौकटीबाहेर जातात. ग्रुपवर एकाने ‘मॅडम, रात्रच गायब झाली’ असं लिहिलं होतं, ते ह्यामुळे.

हे टाळायचं तर ‘आरसीपॅरम्स’ ह्या मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमधल्या ‘कीमॅप.पॅन’च्या यादीतून ‘पी’ काढून टाकता येतं. त्यापेक्षा मी म्हणते, ज्या बटणांना आधीचं काम लावलेलं नाही तीच घ्यावीत. बाणांची बटणं घ्यायचा मोह होईल. पण डावा बाण आणि उजवा बाण टूलबारच्या मागे-पुढेला जोडलेले असतात. झूम केलेलं असलं तर दिवस बदलताना झूमही उलटसुलट होतो. पेज अप आणि पेज डाऊन मोकळी आहेत. आमच्याकडे तीच चालतात, आणि त्याला आणखी एक कारण आहे जे पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडायचं नाही. शेतकऱ्याच्या लॅपटॉपवर मराठी चालू असतं. आडत्याला मेसेज लिहून झाला, इन्स्क्रिप्ट (मराठी टायपिंगची कीबोर्ड मांडणी) तसंच राहिलं आणि ग्राफच्या विंडोत येऊन ‘एन’चं बटण दाबलं, तर प्रोग्रॅमला मिळतं ‘ल’. कोड बघतो ‘एन’ आहे का? नाही. मग तो गप्प बसतो. पेज डाऊन मात्र कुठल्याही भाषेत पेज डाऊनच राहतं.

शंका असेल तेव्हा फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ‘प्रिंट(इव्हेंट.की)’ घालावं. बटण दाबल्यावर पडद्यावर काही उमटलंच नाही, तर जोडणी झालेली नाही किंवा फोकस दुसरीकडे आहे. भलतंच उमटलं तर भाषा बघा. बरोबर उमटलं तर कीबोर्ड, फोकस, जोडणी सगळं निर्दोष. पुढचा कोड तपासा. प्रयोगशाळेत मीटर हलला नाही तर मुलांना मी हेच सांगत असे, एकेक तार बघत या. एवढं पिंपळगावच्या गृहस्थांना वेळेवर कळलं असतं तर कीबोर्डचे पैसे वाचले असते.

काहींनी हाच प्रोग्रॅम ब्राउझरमधल्या नोटबुकात चालवला. तिथे नेहमीच्या पद्धतीत ग्राफ म्हणजे नुसतं चित्र उमटतं, वेगळी विंडो उघडतच नाही, तेव्हा बटणाचा प्रश्नच येत नाही. फाइल साठवून आपल्या लॅपटॉपवर चालवा. आणि ‘पीएलटी.शो’ एकदाच, अगदी शेवटी. प्रत्येक ग्राफनंतर लिहिलं तर पहिली विंडो बंद केल्याशिवाय दुसरी उघडत नाही.

सदराने पुढच्या भागासाठी जाहीर केलं आहे की ‘एम’ दाबून ग्राफवर फवारणीची खूण करायची. कल्पना उत्तम. पण तिथे आत्ताच एक सांगून ठेवते. बटणाच्या इव्हेंटबरोबर माउस कुठे आहे तेही येतं, ‘एक्सडेटा’मध्ये वेळ मिळते, मात्र कर्सर ग्राफच्या चौकटीत असेल तरच. तो टूलबारवर किंवा आकड्यांच्या कडेला असेल तर तिथे ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं आणि खूण करायला गेलेला कोड कोसळतो. ‘इव्हेंट.इनअॅक्सेस’ आहे का, हे आधी बघायला शिकवा. तसंच, खूण एका ग्राफवर केली तरी ती तिन्हींवर उमटायला हवी, नाहीतर फवारणी ओलाव्यावर दिसेल आणि तापमानावर नाही.

जुन्या लोकांना ग्नूप्लॉट हा ग्राफ काढायचा प्रोग्रॅम आठवत असेल. टॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली ह्यांनी ते १९८६ मध्ये लिहिलं, आणि नावात ‘ग्नू’ असूनही मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही. आमच्या प्रयोगशाळेत लंबकाचे ग्राफ त्यातच काढले जात. तिथे ‘बाइंड’ लिहून एखाद्या बटणाला आज्ञा जोडली तर ती फक्त चालू विंडोत चालते. पण ‘बाइंड ऑलविंडोज’ लिहिलं की उघड्या सगळ्या विंडोंत चालते, आणि बटण कुठल्या विंडोत दाबलं तिचा क्रमांक ‘माउस_की_विंडो’ ह्या नावात मिळतो. म्हणजे हा प्रश्न त्या मंडळींना पडला होता आणि त्यांनी त्यासाठी एक शब्दच ठेवून दिला. मॅटप्लॉटलिबमध्ये असा शब्द नाही, लूप आपला आपण लिहायचा. मला त्याचं वाईट वाटत नाही; लूप लिहिला की निदान काय जोडलं ते डोळ्यांसमोर राहतं.

तीन ग्राफ एकाच विंडोत एकाखाली एक काढले तर हे सगळं लागतच नाही, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. तिन्ही नेहमी एकत्रच बघायचे असतील तर एक विंडो, तीन अक्ष, सामाईक वेळ हेच शहाणपणाचं, आणि सदराने ते पर्याय म्हणून सांगायला हवं होतं. पण निफाडच्या घरी आम्ही तापमानाची विंडो टीव्हीवर टाकतो, दीर आणि गडी लांबून बघतात, आणि ओलावा लॅपटॉपवर राहतो. तिथे वेगळ्या विंडोच लागतात.

आता तुमच्या छपाईबद्दल. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हा व्याकरणाचा भाग आहे. तुमच्या कॉलममध्ये ती जागा गेली, सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटल्या आणि लांब ओळी मधेच तुटून खाली आल्या. त्यामुळे लूपच्या आत काय आणि बाहेर काय, हे वाचकाला अंदाजाने ठरवावं लागलं. वर ज्या ओळीबद्दल मी एवढं लिहिलं ती लेखकाने आतच लिहिली असेल आणि छापताना बाहेर आली असेल, हीसुद्धा शक्यता आहे; तसं असेल तर त्यांच्यावरचा तो एक आक्षेप मागे घेते, ‘जीसीएफ’चा नाही. सरळ अवतरणचिन्हांच्या जागी तुमच्या टायपाने वळणदार चिन्हं घातली आहेत, ती पायथनला चालत नाहीत. ज्यांनी पानाचा फोटो काढून मोबाइलवर त्यातला मजकूर उचलला, त्यांची तर पहिल्या ओळीलाच गाडी अडली.

पत्र लांबलं आहे. कात्री लावायची तर माझ्या बागेची हकिकत कापा, ‘जीसीएफ’चा परिच्छेद ठेवा. दुरुस्त कोड येत्या रविवारी छापाल तेव्हा तो कॉलममध्ये न कोंबता पानभर रुंदीच्या चौकटीत, एकसारख्या रुंदीच्या टायपात, एकही ओळ न तोडता छापा, आणि छापण्याआधी कोणीतरी तो पानावरून टाइप करून तिन्ही विंडोंत बटण दाबून बघा. जागा कमी पडली तर त्या रविवारी राशिभविष्य अर्ध्यावर आणलंत तरी आमची हरकत नाही.

आपली,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक